डावीकडचा ब्रेक

आमच्या वहिनींना सगळं गाव ब्रेकबाई म्हणतं. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझी, आणि तीही त्या स्वयंपाकघरात असतील आणि मी जिन्यात असेन तेव्हाच.

त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर उभी असलेली पांढरी गाडी. हे सगळं मुळात माझ्या थोरल्या भावाचं. भाऊ अचानक गेला, तेव्हा घरात गोळा झालेल्या प्रत्येकाने गाडी विकून टाकण्याचा सल्ला दिला. वहिनींनी तो ऐकून घेतला, सगळ्यांना चहा पाजला आणि सुतक संपल्यावर सरळ जाऊन गाडीत डावीकडच्या सीटवर बसल्या. शिकवणाऱ्याची जागा ती. तिथेही पायाखाली एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा.

वहिनी शिकणारा गडबडायच्या आधीच दाबायच्या. समोर सायकल दिसली, दाब. कुत्रं दिसलं, दाब. फुटपाथवरची बाई रस्ता ओलांडायचा विचार करतेय असं नुसतं वाटलं, तरी दाब. त्यांच्या उजव्या चपलेचा तळ डावीपेक्षा निम्म्या वेळात झिजायचा. मीही त्यांच्याकडेच शिकलो. शिकलो म्हणजे परवाना मिळाला. गाडी माझ्या मनाने कधी थांबली आणि त्यांच्या पायाने कधी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नाही. वहिनींच्या या शाळेच्या शेजारी माझं चष्म्याचं दुकान आहे, तिथे काचा घासत बसलेलं बरं.

त्यांची एकुलती एक मुलगी, चिंगी. हे अर्थात पाळण्यातलं नाव नव्हे, पण मी ठेवलेलं आहे आणि तेच टिकलं. लहानपणापासून ती त्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर अभ्यास करत वाढली. पुढे शिकणारा घाम पुसतोय, आई ओरडतेय, "आरसा बघ, तोंड बघायला नाही दिला तो!" आणि मागे ही पाढे पाठ करतेय. तिला गाडी शिकायची इतकी घाई होती की विचारू नका. उंची कमी, समोरचा रस्ता दिसेना, म्हणून वहिनींनी तिच्यासाठी जुन्या पडद्याच्या निळ्या कापडाची उशी शिवली. त्या उशीवर बसून चिंगी शिकायला लागली.

आणि एक दिवस ती एकटीच चालत घरी आली. चेहरा लाल. मी दुकानाच्या दारात होतो.

"काका, मी उतार उतरले, गोल चौक पार केला, सगळं नीट केलं," ती म्हणाली. "मला वाटलं मीच केलं. मग सहज पाय ब्रेकवर नेला, तर पेडल आधीच खाली गेलेलं! मी न दाबता! ती सगळा वेळ दाबत होती, काका. मी विचारलं तर म्हणते, मी कुठे काय केलं."

मागून वहिनी गाडी घेऊन आल्या. चिंगी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या पायाखाली ब्रेक आहे तोवर मी तुझ्यासोबत गाडीत बसणार नाही." असं रागात माणूस शंभर गोष्टी बोलतं. पण ही आमच्या घराण्यातली पोरगी, बोलली म्हणजे बोलली.

गाडीपुरतं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण वहिनींचा तो पाय गाडीबाहेरही तसाच. मैत्रिणींबरोबर सहल ठरली, की यांचा पाय ब्रेकवर. लांबच्या कॉलेजला प्रवेश मिळाला, की ब्रेकवर. शेवटी चिंगीला महामार्गाच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात नोकरी लागली, तर वहिनींनी तिच्या साहेबांना गुपचूप फोन करून विचारलं, की वसतिगृहाला रखवालदार आहे का आणि साहेब स्वतः कसे आहेत. साहेबांनी तो किस्सा पहिल्याच दिवशी सगळ्या ऑफिससमोर हसत हसत सांगितला. त्यानंतर चिंगी यायची बंद झाली. रविवारी फोन करायची. तब्येत कशी आहे, पाऊस आहे का, ठेवते. शब्दाशब्दाला हुज्जत घालणारी पोरगी, आणि फोनवर अशी बोलायची जणू पत्ता विचारायला थांबलेली परकी बाई.

वहिनी म्हणजे मनातलं बोलणारं माणूस नाहीच ते. पण शिकणारी पोरं दुकानात येऊन मला सांगायची. शिकणारा कुणीही असो, शिकवायचा रस्ता आता बसस्थानकावरून जायला लागला. तिथे महामार्गावरून येणाऱ्या बस लागतात, त्यांच्यासमोर वहिनी शिकणाऱ्याला गाडी कडेला घ्यायला लावायच्या. "इथे थांबायचा सराव कर." पोरं बिचारी सराव करत राहायची आणि वहिनी गाडीच्या काचेतून उतरणारी माणसं बघत राहायच्या. सगळी उतरून झाली, बस रिकामी झाली, की म्हणायच्या, "चल, घे पुढे."

त्यांचं वय झालं, गुडघे कुरकुरायला लागले, शाळा एका ओळखीच्या माणसाला दिली. पांढरी गाडीही त्याच्याबरोबर गेली. मला वाटलं, आता बाई घरात बसून भाजी निवडतील. तर एका सकाळी दुकानात येऊन म्हणाल्या, "भाऊजी, चला. नवी गाडी घ्यायची आहे."

"आता? या वयात? कशाला?"

"तुम्हाला चष्म्यांबद्दल मी कधी विचारते का, कशाला म्हणून?"

मी दुकानाचं शटर ओढलं आणि बरोबर गेलो. गाड्यांच्या दुकानातला विक्रेता टाय लावून, तोंडभर हसून गाडीभोवती नाचत होता. समोरचा टीव्हीसारखा पडदा दाखवला, त्यावरची गाणी दाखवली, मागे घेताना गाडी कशी आपोआप ओरडते ते दाखवलं. वहिनींनी त्यातलं एक अक्षर ऐकलं असेल तर शपथ. त्यांनी डावीकडचं दार उघडलं, गुडघा टेकवून खाली वाकल्या आणि सीटसमोरच्या जमिनीवर हात फिरवला. चटई होती, बाकी काही नव्हतं.

"काही हरवलं का मॅडम?" तो घाबरून म्हणाला.

"नाही," वहिनी उठत म्हणाल्या. "इथे काहीच नाही, तेच बघत होते. हीच द्या."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या कुणा आईने मुलीला फोन करून म्हटलं असतं, की चुकलं माझं, ये घरी. आमच्या वहिनींनी डावीकडे ब्रेक नसलेली गाडी घेतली. पोरीने अट घातली होती ना, ती अक्षरशः पुरी केली. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

त्या रविवारी आम्ही निघालो. चिंगीला कळवलं नव्हतं. तिच्या दारात गाडी उभी करायची, किल्ली तिच्या हातात द्यायची, आपण डावीकडे बसायचं आणि म्हणायचं, चल, ने मला कुठे न्यायचं ते. असा बेत. निळी उशी धुऊन, उन्हात वाळवून मागच्या सीटवर ठेवली होती. मी म्हटलं, "अहो, पोरगी आता मोठी झाली, तिला उशी कशाला?" तर म्हणाल्या, "असू दे." सुरुवातच अशी झाली, की त्या सवयीने डावीकडचं दार उघडून बसल्या. मीही डावीकडेच उभा. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्या उतरल्या, वळसा घालून चालकाच्या जागी गेल्या.

महामार्गाला लागल्यावर एक गंमत झाली. वहिनींनी चौथ्यातून पाचवा गिअर टाकला आणि त्यांचा चेहराच बदलला. इतकी वर्षं गाडीत काढलेल्या बाईने पाचवा गिअर कधी टाकलाच नव्हता! शिकवायची गाडी गावातल्या गावात, दुसऱ्या-तिसऱ्यात घुटमळणारी. पाचवा कुठून येणार? आता इंजिनाचा आवाज एकदम मऊ झाला, दोन्ही बाजूंची झाडं सरकायला लागली.

"भाऊजी, हे असं असतं होय," त्या म्हणाल्या. "हिला मी हे कधी करूच दिलं नाही."

थोड्या वेळाने पुढे एक ट्रक रेंगाळत होता. वहिनींनी गिअर खाली घ्यायला हात टाकला. दांडा हातात असा डोलायला लागला, जणू दह्यात उभा केलेला चमचा. इकडे लोटला, तिकडे लोटला, कुठे काही अडेना. आणि गाडी मात्र पाचव्यातच.

"काय झालं?"

"गिअर निघत नाही."

"नवी कोरी गाडी आहे, असं कसं होईल?"

"मला काय विचारता, गाडीला विचारा!"

पाचव्या गिअरमध्ये गाडी चालवता येते, पण थांबवली तर पुन्हा निघत नाही, हे मला तेव्हा वहिनींनी सांगितलं. म्हणजे थांबायचं नाही. ज्या बाईने जन्मभर सगळ्यांना थांबवलं, त्या बाईला थांबता येईना. ट्रक ओलांडला, एक जीप ओलांडली, कपाळावर घाम, पण चेहऱ्यावर एक हट्ट. "अशीच नेते तिच्या दारापर्यंत," त्या पुटपुटल्या. मी देवाचं नाव घेत होतो. चिंगीचं शहर आता फार लांब नव्हतं. आणि मग पुढे पुलाचं काम निघालं. लाल झेंडा घेतलेला माणूस रस्त्याच्या मधोमध उभा. वहिनींनी ब्रेक दाबला. पुन्हा निघायला गेल्या, तर गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली.

मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. वहिनींनी क्लच दाबून धरला, झेंडावाल्याने आणि मी मिळून गाडी कडेला ढकलली. शेजारी टायरचं पंक्चर काढायचं दुकान होतं, तिथल्या बाकावर आम्ही बसलो. मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"सर, तुमची गाडी नवीन आहे. नवीन गाडीत असा प्रॉब्लेम येत नाही."

"मग मी काय फोनवर गप्पा मारायला बसलोय का?"

"सर, क्लच पूर्ण दाबून बघितला का?"

मी फोन वहिनींपुढे धरला. त्यांनी तो ऐकला, डोळे मिटले आणि अतिशय शांतपणे म्हणाल्या, "बाळ, क्लच दाबायला मी लोकांना शिकवते." एवढं झाल्यावर गाडी उचलून न्यायला ट्रक पाठवतो, तोवर कशालाही हात लावू नका, नाहीतर वॉरंटी जाईल, असं उत्तर मिळालं.

"चिंगीला फोन करू?" मी विचारलं.

"नको."

"अहो, इथून तिचं घर आपल्या घरापेक्षा जवळ आहे."

"नको म्हटलं ना. तिला वाटेल, मी मुद्दाम केलं. तिला बोलवायला." मग रस्त्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "मला तिच्या दारात नीट जायचं होतं हो. एकदा तरी नीट."

मला एकदम राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. गाडीचा, कंपनीचा, पोरीचा, या बाईचा, सगळ्यांचाच. मी उठून दुकानामागे गेलो आणि चिंगीला फोन केला. सगळं सांगितलं. तिने कुठल्या पुलापाशी ते विचारलं. मग म्हणाली, "तिथेच थांबा."

मला वाटलं, रिक्षा करून येईल, बसने येईल. आली ती एका छोट्या लाल गाडीतून. जुनी, दाराला चेपलेली. आणि चालवत स्वतः होती. कडेला घेताना आरसा पाहिला, इशारा दिला, मान वळवली आणि फुटपाथला लागेल न लागेल अशी गाडी उभी केली. उतरली. केस कापले होते, चष्मा लागला होता, तोही माझ्या दुकानातला नाही. वहिनी बाकावरून उठल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. जवळ जाऊन तिला मिठी मारायची सोडून त्यांनी विचारलं काय, तर, "कुणाकडे शिकलीस?"

"ऑफिसच्या मागे एक सर शिकवतात."

"दोन ब्रेकची गाडी?"

"हो. पण ते पाय सीटवर घेऊन बसतात. मांडी घालून. पेपर वाचतात."

"पेपर?" वहिनींचा विश्वासच बसेना. "तू चालवत असताना?"

"हो आई. मी चालवत असताना."

अर्ध्या गावाला जिने गाडी शिकवली, तिची पोरगी दुसऱ्याकडे शिकली. त्या क्षणी वहिनींचा चेहरा मला बघवेना. मी पंक्चरवाल्याकडे उगाच हवेचा भाव विचारायला गेलो.

ट्रक आला, नवी गाडी पाठीवर घेऊन आमच्या गावच्या वर्कशॉपकडे गेला. उशी तेवढी वहिनींनी काढून घेतली. चिंगी म्हणाली, "बसा, सोडते घरी." मी मागे बसलो, वहिनी पुढे, डावीकडे, उशी मांडीवर. कितीतरी वर्षांनी दोघी एका गाडीत. मी मागून दोघींच्या माना बघत होतो. सारख्याच ताठ.

समोर बस आली. वहिनींचा उजवा पाय चटईत रुतला. टेम्पो आडवा गेला, पुन्हा रुतला. चिंगी छान चालवत होती, खरंच छान, पण पाय काही ऐकेना.

"आई, तिथे काही नाहीये."

"माहीत आहे."

"मग?"

 वहिनींनी उशी गुडघ्यांवर घट्ट दाबून धरली, जणू त्याने पाय जागच्या जागी राहतील. पुढच्या वळणावर उजवा पाय पुन्हा गेलाच. चिंगीने एक लांब श्वास सोडला आणि घर येईपर्यंत नजर रस्त्यावरून हटवली नाही.

फाटकापाशी तिने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. ते मी ऐकलं आणि वहिनींनीही ऐकलं.

"वर ये ना. चहा घेऊन जा."

"उशीर होईल. उद्या काम आहे."

"माझी गाडी दुरुस्त होऊन आली की... एकदा चालवशील? डावीकडे ब्रेक नाही तिला. मी बघूनच घेतली."

चिंगीने पहिल्यांदा आईकडे नीट बघितलं. काहीतरी बोलणार होती, मग ओठ आवळले आणि म्हणाली, "ब्रेक गाडीत नव्हताच ग कधी. बघू."

ती निघून गेली. वहिनी फाटकाला धरून उभ्या. कोपऱ्यावर तिच्या गाडीचा ब्रेकचा लाल दिवा लागला आणि विझला. "वेळेवर दाबला," त्या म्हणाल्या. मग कितीतरी वेळ त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. मी वर चला म्हटलं, तर म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे."

गाडी दुरुस्त होऊन आली. नखाएवढी एक क्लिप. गिअरची केबल धरून ठेवणारी. कारखान्यात कुणीतरी बसवायचीच विसरलं होतं. वर्कशॉपच्या साहेबांनी दिलगिरी म्हणून एक किल्ल्यांची साखळी दिली, ती मी परत त्यांच्या टेबलावर ठेवली. वहिनी भांडल्या नाहीत. मी भांडायला सुरुवात केली तर मलाच ओढून बाहेर आणलं.

नंतर रोज संध्याकाळी त्या खाली जायला लागल्या. मला वाटलं, गाडी पुसतात. एकदा दुकान लवकर बंद करून बघायला गेलो. गाडी जागेवर उभी, इंजिन बंद. चालकाच्या सीटवर निळी उशी. आणि डावीकडे वहिनी, कुरकुरणारे दोन्ही गुडघे दुमडून, सीटवर मांडी घालून, हातात पेपर धरून बसलेल्या.

"हे काय चाललंय?"

"सवय करतेय," त्या पेपरातून मान न काढता म्हणाल्या. "उभ्या गाडीत जमतं हो. चालत्या गाडीत जमायला हवं." मग माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, तुम्ही चालवा."

"मी? अहो, मला येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"म्हणून तर."

मी नाही नाही म्हणत चालकाच्या बाजूला गेलो. चिंगीची उशी मागे ठेवली, किल्ली फिरवली. गाडी तीनदा बंद पडली, चौथ्यांदा निघाली. शेजारून एक शब्द नाही. गल्ली संपली, चौक आला, बसस्थानकाचा रस्ता लागला. तिथे एक म्हातारा अचानक रस्त्यात उतरला. माझा पाय नेमका भलत्याच पेडलवर. शेजारून कुणीतरी दाबेल म्हणून मी वाट बघितली, खोटं कशाला बोलू. कुणी दाबला नाही. मग ब्रेक माझा मलाच सापडला, दाबला, आणि गाडी म्हाताऱ्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्याने मला शिव्या घातल्या, त्या मी आनंदाने घेतल्या.

शेजारी बघितलं. वहिनींची मांडी तशीच होती. डोळे गच्च मिटलेले, गालांवरून पाणी.

"पाय नाही उतरला," त्या म्हणाल्या. "बघितलंत ना तुम्ही? तिला सांगाल? सांगा, मी पेपर वाचत होते."

"सांगतो."

"येईल का हो ती?"

आयुष्यात त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, नेहमी सांगितलंच होतं. चिंगी येईल की नाही, मला काय ठाऊक. बघू म्हणाली होती, एवढंच. मी म्हटलं, "येईल." पेपर त्यांच्या दोन्ही मुठींत फाटून त्याचे दोन तुकडे झाले होते. त्यांनी ते मांडीवर जुळवले, डोळे पुसले आणि बसस्थानकात शिरणाऱ्या बसकडे बघितलं. माणसं उतरायला लागली होती. आज मात्र सगळी उतरेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

"चला," त्या म्हणाल्या, "अजून एक चक्कर मारू. अजून जरा थरथरतो पाय."